पार्कसमोरचं घर : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

पार्क फेसिंग घर बघायला गेलं की नजर झाडांवरच जाते. सगळे ऋतू काढून झाल्यावर कळतं, की घर आणि पार्क यांच्यामध्ये एक रस्ता आहे आणि राहण्याचं सुख बरंचसं त्याच्यावर ठरतं. मोठ्या पार्कमधून बहुधा गाड्यांना वाट नसते, म्हणून वाहतूक कडेकडेने वळसा घालते आणि पहिल्या रांगेच्या दारावरून जाते. तो रस्ता शांत असेल तर पहिली रांग घ्यावी. नसेल तर मागची गल्ली बिनधास्त घ्यावी, सकाळच्या फेरीला दोन मिनिटं जास्त लागतील एवढंच.

सलग वाहत्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झालं तरी साधारण ३ डेसिबलनेच उतरतो. मध्ये इमारत आडवी आली, की मात्र फरक लगेच जाणवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ साली रात्रीच्या रहदारीच्या आवाजासाठी घराबाहेर ४५ डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. वर्दळीच्या रस्त्यालगत तेवढी शांतता मिळणं कठीणच. म्हणून झोपायची खोली मागच्या बाजूला आणि दिवाणखाना पार्ककडे, अशी रचना असलेलं घर शोधावं. बिल्डर नेमकं उलटं करतात, कारण मास्टर बेडरूममधून पार्क दिसलं की फ्लॅट विकला जातो.

खिडकीच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. लोक भारी दुहेरी काच बसवतात आणि फट तशीच ठेवतात. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी काच कितीही चांगली असो, २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडत नाही. सरकत्या खिडकीत ही फट राहतेच. तिथे गास्केट, म्हणजे फट बंद करणारी रबरी पट्टी, नसतं; ब्रशची पट्टी असते आणि ती वर्षभरात दबून जाते. बिजागरीवर उघडणारी, रबरी गास्केटवर दाबली जाणारी खिडकी घ्यावी. तपासणी सोपी आहे: कागदाची पट्टी चौकटीत धरून खिडकी लावायची, कडी घालायची आणि पट्टी ओढायची. अलगद निघाली तर तिथे दाब नाही. चारही कडांना हे करावं; बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा बहुतेक वेळा ढिला सापडतो. दुहेरी काचेत दोन्ही काचा सारख्या जाडीच्या नकोत. त्या एकाच स्वराला थरथरतात आणि तो आवाज आत येतो. एक ६ मिमीची आणि दुसरी लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली), जास्त जाडीची असावी. तरीही पार्कातल्या कार्यक्रमाच्या स्पीकरचा बास काही प्रमाणात येणारच. पार्कच्या व्यवस्थापनाकडून वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी मागून घ्यावी आणि घर त्यातल्या एखाद्या दिवशीच बघायला जावं.

आता मजला. पूर्ण वाढलेली झाडं १२ ते १५ मीटर उंच धरली, तर चौथ्या मजल्यापर्यंत खिडकीत पानंच पानं दिसतात, पाचव्याच्या वर आकाश आणि झाडांचे शेंडे. तळमजला आणि पहिला मजला अंधारा नि ओलसर राहतो. तिथे कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, ५ सेंमी जागा सोडावी, नाहीतर मागे बुरशी धरते. खेळाच्या मैदानाचे दिवे १० मीटरच्या खांबावर असले, तर ते थेट तिसऱ्या मजल्याच्या डोळ्यांत येतात. ते किती वाजता बंद होतात, हे विचारून घ्यावं.

पार्क पश्चिमेला असेल तर नीट विचार करा. समोर मोकळं, म्हणजे उतरत्या उन्हाला अडवायला कुणी नाही. सूर्य खाली आलेला असल्यामुळे वरचा छज्जा निरुपयोगी ठरतो आणि आतला पडदा लावेपर्यंत उष्णता काचेतून आत आलेली असते. बाहेरच्या बाजूने उभ्या पट्ट्यांचं शटर हाच उपाय. रात्री मात्र हीच बाजू सुखाची असते. मोकळं गवत लवकर निवतं आणि वारा तिकडून असला, तर उशिरा खिडक्या उघडून एसी बंद ठेवता येतो.

पानगळीत बाल्कनीच्या नाल्याची सपाट जाळी एका मोठ्या पानाने बंद होते आणि पुढच्या पावसात पाणी उंबऱ्यापर्यंत चढतं. घुमटाच्या आकाराची जाळी बसवावी. पानं कडेला साचतात, पाणी वरून जातं. झाडांचा कापूस उडतो त्या दिवसांत एसीचं आउटडोअर युनिट वीज बंद करून, बारीक धारेने, आतून बाहेर धुवावं. बाहेरून जोराने मारलं, की कापूस पत्र्यांत आणखी घट्ट बसतो.

डासांचा दोष सगळा पार्कातल्या तळ्यावर जातो. दिवसा चावणारा एडिस जातीचा डास बहुतेक घरातल्या किंवा शेजारच्या साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

मोठ्या काचांवर पक्षी आदळतात, विशेषतः झाडांच्या उंचीपर्यंतच्या मजल्यांवर. काचेत त्यांना झाडंच दिसतात. ससाण्याचं एखादं स्टिकर लावून काहीही होत नाही. काचेच्या बाहेरच्या अंगाला, आडवे-उभे दर ५ सेंमीवर ठिपके लागतात. आतून ते आठवड्याभरात नजरेआड होतात आणि एक पक्षी जरी वाचला तरी हे काम करण्यासारखं आहे.

नागरी वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेनडाइक यांचा ३-३०-३०० चा नियम आहे: घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी आणि हिरवी जागा ३०० मीटरच्या आत असावी. पार्कसमोरच्या घराला तिन्ही सहज मिळायला हवं. पण कुंपण समोर आणि फाटक पलीकडच्या टोकाला असेल, तर तेच अंतर एक किलोमीटर होतं. नकाशावर मोजू नका. इमारतीच्या दारातून निघून फाटकातून आत पाय पडेपर्यंत चालून बघा, आणि फाटकावरच्या वेळा तिथेच वाचून या.