स्टॉक गाडीची ड्रॅग रेस: मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

इंदूरच्या मराठी घरांतली तरुण मुलं हल्ली हमखास विचारतात: गाडीत काहीही बदल न करता पाव मैल, म्हणजे 402 मीटर, पळवायची तर कोणता गिअरबॉक्स?

आधी ऑटोमॅटिक कोणतं ते बघा. एएमटी, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं असा, असेल तर विषय संपला. प्रत्येक गिअर बदलताना ती ओढ सोडते. ड्युअल क्लचची, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिकची, गोष्ट वेगळी. पुढचा गिअर आधीच तयार असतो, त्यामुळे चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. तिसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर, ज्यात क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे जाते; तो सुटताना इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवून देतो, म्हणून जड गाडीही जोरात निघते.

मॅन्युअलमध्ये सगळं डाव्या पायावर. क्लच झटकन सोडला तर पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, हळू सोडला तर क्लच जळतो. बरोबर साधलं तर मात्र साध्या, बिगर-टर्बो गाडीत मॅन्युअलच पुढे राहू शकते; ती बहुधा हलकीही असते. पण तसं दरवेळी साधणं फार कठीण. अमेरिकेत ब्रॅकेट रेसिंगवाले (त्यात आपली वेळ आधी सांगून तिच्या जवळ राहायचं असतं) ऑटोमॅटिक पसंत करतात ते याच सातत्यासाठी.

माझं मत: टर्बो इंजिन आणि ड्युअल क्लच असेल तर तीच घ्या. शिकायचं असेल तर मॅन्युअल.

आणि सुपर कॉरिडॉरवर रात्री हे करू नका, हात जोडून सांगतो. रस्त्यावर लोक असतात. परवानगी असलेली, बंद धावपट्टीवरची स्पर्धा शोधा.