आयएनए 333 : आठ महिने, एक पावसाळा आणि भोसरीतला प्रेस

आमचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. बेअरिंग दाबून बसवायच्या प्रेसवर 500 किलोचा लोडसेल, म्हणजे जोराप्रमाणे बारीकसं व्होल्टेज देणारा सेन्सर, लावलाय. ते व्होल्टेज वाढवायला अँप्लिफायर चिप लागते; आयएनए 333 ही त्यातलीच एक. बेअरिंग बसताना जोर कसा चढतो ते बघायचं असतं, म्हणून वजनकाट्यांत वापरतात तो एचएक्स 711 आयसी बाद. तो सेकंदाला जास्तीत जास्त 80 वाचनं देतो, ती इथे अपुरी. नुसता वजनकाटा करणाऱ्याने मात्र तोच घ्यावा, उगाच माझ्यासारखा उद्योग करू नये.

आधी पुण्याच्या तपकीर गल्लीतून एडी 620 या अँप्लिफायर चिपचं मॉड्यूल आणलं. चिप चांगली, चूक माझी. तिला मी एकेरी 5 व्होल्टवर बसवलं. लोडसेल 2 मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा, म्हणजे पूर्ण भाराला जेमतेम 10 मिलिव्होल्ट. आउटपुटचं शून्य कुठे ते ठरवणाऱ्या रेफ पिनला अर्धा व्होल्ट दिला, तरी आउटपुट 1.1 व्होल्टच्या खाली उतरेना. डेटाशीट नीट वाचल्यावर कळलं की ही चिप दोन्ही टोकांना व्होल्टभर जागा सोडते. तुमच्याकडे प्लस-मायनस 12 व्होल्टचा पुरवठा असेल तर बिनधास्त वापरा.

मग आयएनए 333 घेतली. 1.8 ते 5.5 व्होल्टवर चालते, आउटपुट जवळजवळ जमिनीपर्यंत, म्हणजे शून्य व्होल्टपर्यंत, उतरतं, स्वतः खाते 50 मायक्रोअँपिअर. गेनसाठी (सिग्नल किती पट वाढवायचा त्यासाठी) एकच रेझिस्टर: 1 अधिक 100 किलोओहम भागिले तो रेझिस्टर. मी 499 ओहमचा लावला, गेन 201. गेन वाढला की बँडविड्थ, म्हणजे किती वेगाने बदलणारा सिग्नल पकडता येतो ते, घटते. 100 गेनला 3.5 किलोहर्ट्झ मिळते, माझ्याकडे त्याच्या निम्मी. प्रेसला पुरून उरते. एक चिप मी चुकून 9 व्होल्ट देऊन मारली, तो हिशेब वेगळा.

रेफ पिनला सुरुवातीला दोन रेझिस्टरांचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी जोडी) थेट जोडला होता. असं करू नका. शेजारची लेथ सुरू झाली की आलेखावर 50 हर्ट्झची झालर दिसायची. मधे साध्या ऑप-अँपचा बफर घातला आणि झालर गेली.

खरी गंमत जुलैत झाली. रोज सकाळी शून्य चार-सहा किलोंनी खाली. आधी लोडसेलवर संशय, मग केबलवर, मग चिपवर. केबल बदलण्यात दोन दिवस गेले. शेवटी वैतागून बोर्डाजवळ वाकलो, तोंडाने ‘हाऽ’ केलं, आणि स्क्रीनवरचा आकडा सरकला! पिन 3 म्हणजे इनपुट, पिन 4 म्हणजे जमीन. एमएसओपी या इवल्याशा पॅकेजात त्यांच्यात अंतर केसाएवढं, आणि तिथे मी सोल्डरिंगनंतरचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) तसाच ठेवलेला. पावसाळी हवेत तो ओल धरतो. इनपुट 2.5 व्होल्टवर, गळती शंभर मेगोहमची धरली तरी 25 नॅनोअँपिअर वाहतात. गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरसाठी इनपुटच्या ओळीत 4.7 किलोओहम घातलेला, त्यावर सव्वाशे मायक्रोव्होल्टच्या आसपास पडतात. 10 मिलिव्होल्ट म्हणजे 500 किलो, त्या हिशेबाने ते सहा किलो झाले! आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशने घासून घेतलं, वाळवलं, वरून ओल अडवणारं कोटिंग मारलं. नंतर सबंध श्रावणात शून्य हललं नाही.

त्या फिल्टरमधले दोन्ही कॅपॅसिटर एकसारखे हवेत, नाहीतर दोन्ही तारांवरचा समान गोंगाट फरक बनून आत शिरतो. दोन्ही इनपुटांच्या मधे दहापट मोठा एक कॅपॅसिटर टाकला की बरंच सांभाळलं जातं.

सध्या चार बोर्ड चालू आहेत. पाचव्या मशीनवर फक्त 24 व्होल्ट मिळतात, म्हणून तिथे 36 व्होल्टपर्यंत चालणारी आयएनए 826 मागवलीय. टूथब्रश तोच.