आधी कोणतं जनावर? खानदेशात कोंबडी, बकरी आणि गाय यांचा हिशेब

नोकरी सोडून गावी परतणारे असोत, की जळगाव-धुळ्यात राहून गावचं बंद घर पुन्हा उघडू पाहणारे, बहुतेकांच्या डोक्यात पहिलं चित्र गायीचंच असतं. दारात गीर, सकाळी धारोष्ण दूध, शेणाचं खत, जमलं तर गोबरगॅस. घरापुरतं पिकवायचं आणि घरापुरतं पाळायचं म्हटलं की सुरुवात गोठ्यापासून करायची, असं जणू ठरलेलंच असतं.

माझं मत उलटं आहे. गाय शेवटी. आधी कोंबड्या, मग घरात कोणी चारायला मोकळं असेल तर बकऱ्या, आणि स्वतःच्या शेतातला कडबा एकदा रचून झाला की गाय. आपल्याकडे जनावर दूध किती देतं यापेक्षा ते मार्च ते जून कसं काढतं, हा प्रश्न आधीचा आहे. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, बांधावरचं गवत फेब्रुवारीतच संपलेलं असतं आणि अनेक गावांत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या चार महिन्यांत जे जनावर तुमच्याकडे उपाशी राहणार नाही, तेच तुमचं.

आधी गायीचंच बघू, कारण मोहही तिचा आणि खर्चही तिचा.

साधारण 300 किलो वजनाच्या देशी गायीला दिवसाला सात ते नऊ किलो कोरडा चारा धरावा लागतो. निम्मा हिरव्यातून भागवला तरी चार-पाच किलो कडबा रोज हवाच. म्हणजे वर्षाला दीड-पावणेदोन टन. एक एकर जिरायती दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, चांगली आली तर तेवढा कडबा निघतो. तेव्हा तुमच्याकडे दोन एकर असतील तर त्यातला एक एकर गायीचाच समजा. दाणे तुमचे, चारा तिचा. हा सौदा वाईट नाही, कळण्याच्या भाकरीची ज्वारी घरची होते. पण पूर्ण रान कपाशीत किंवा केळीत घालून वर गाय ठेवायची, तर ती विकतच्या चाऱ्यावर उभी राहते. मग घरचं दूध हे फक्त म्हणायला घरचं. शिवाय उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी पिण्यालाच लागतं. धुण्याचं वेगळं.

दुधाचा हिशेबही नीट मांडला जात नाही. गावठी गाय दोन-तीन लिटर देते. चांगली गीर, चांगल्या खुराकावर, सहा-आठ. पण गाय विते, आठ-नऊ महिने दूध देते आणि भाकड होते. पुढचं वेत लांबलं तर चार-सहा महिने चहाला पिशवीचंच दूध. बारा महिने घरचं दूध हवं असेल तर आगेमागे विणाऱ्या दोन गायी लागतात, म्हणजे चारा दुप्पट. गोबरगॅसचंही तेच. एक घनमीटरच्या छोट्या संयंत्राला रोज 25 किलो शेण लागतं आणि एक गाय देते दहा-बारा किलो. एका गायीवर सिलिंडर बंद होत नाही. शेणखत, गोवऱ्या आणि जीवामृत मात्र भरपूर होतं. एकराच्या जीवामृताला दहा किलो शेण, तेवढंच गोमूत्र, गूळ, बेसन आणि दोनशे लिटर पाणी, एवढंच लागतं. माझ्या हिशेबात घरच्या गायीचा खरा नफा दुधात कमी आणि जमिनीत जास्त आहे.

गोऱ्ह्याचं काय करायचं, हे गाय घेण्याआधी कोणी विचारत नाही. निम्म्या वेतांना गोऱ्हाच होणार. पूर्वी त्याचा बैल व्हायचा, आता शेत ट्रॅक्टरने होतं. मार्च 2015 पासून राज्यात गायीबरोबर बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे नको असलेल्या गोऱ्ह्याला आणि म्हाताऱ्या गायीला घेणारा सहजी मिळत नाही. तुमची श्रद्धा काहीही असो, त्या जनावराचा चारा तुम्हालाच भरायचा आहे, तोही बरीच वर्षं. हे मान्य असेल तरच दावं हातात घ्या.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरवाशिणी घरी येतात, झोके बांधले जातात, अर्धा खानदेश इकडून तिकडे जातो. ऐन उन्हाळ्यात गाय कोणाच्या हवाली करून जाणार? कोंबड्यांना दोन दिवसांचं दाणापाणी ठेवून शेजारच्या वहिनींना फक्त दार उघडायला-लावायला सांगता येतं. धार मात्र दोन्ही वेळेला काढावी लागते, आणि गाय परक्या हाताला पान्हा सोडेलच असं नाही. न पिळलेली कास सुजते, दगडी होते. एकत्र कुटुंब असेल तर हा प्रश्न पडतच नाही. नवराबायको दोघंच असाल तर रोज पडतो.

जर्सी-होल्स्टिनच्या संकरित गायींबद्दल थोडक्यात: दूध जास्त, पण आपलं ऊन त्यांना सोसत नाही. पंखे, फवारे लावून धंदा करणाऱ्यांनी त्या घ्याव्यात. म्हशीचंही तसंच. रावेर-यावल पट्ट्यात जिथे पाणी आहे तिथे ती शोभते, बाकी ठिकाणी मे महिन्यात डुंबायला नेणार कुठे?

बकरीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण तिच्यावर आपल्याकडे एक तर फार विश्वास असतो किंवा अजिबात नसतो.

तिचं गणित साधं आहे. पाच महिन्यांत विते, बहुतेकदा जुळं देते, दोन वर्षांत तीन वेतं होतात. चार-पाच लिटर पाण्यावर दिवस काढते. कोरड्यात बाभळीच्या शेंगा, तुरीचं-हरभऱ्याचं भूस, बोराटी काहीही खाते. एका चांगल्या दुभत्या गायीच्या पैशात पाच-सहा बकऱ्या सहज येतात, आणि एखादी मेली तर घर बसत नाही. दूध अर्धा ते एक लिटर, चहापुरतं. दोन-तीन बकऱ्या आगेमागे विणाऱ्या असल्या तर चहा वर्षभर घरचा. खरी कमाई बोकडाची. आठ-दहा महिन्यांत वीस-पंचवीस किलोचा होतो आणि बकरी ईदच्या आधी भाव चांगला मिळतो. घरात रोख लागली की गाय विकता येत नाही, बकरी विकता येते.

मग तीच आधी का नको? कारण बकरी भांडण आणते. आपल्याकडे कोणाचं ना कोणाचं पीक बांधाला लागूनच असतं. केळीच्या पट्ट्यात तर मोकळं रानच नाही. चोपड्याकडे ठिबकवरची बाग, तिची कोवळी पानं आणि सुटलेली बकरी, यातून भावकीतली बोलाचाली बंद झालेली घरं शोधावी लागत नाहीत. तिथे बकरी पाळायची तर बांधून, म्हणजे सुबाभूळ, शेवरी, मेथी घास स्वतः लावून कापून घालायचा. तेही जमतं, पण मग ती फुकट चरत नाही.

अमळनेर, पारोळा, शिंदखेड्याकडे परिस्थिती वेगळी. कपाशीची शेवटची वेचणी झाली की रान उघडं पडतं. उरलेली बोंडं, हिरवी पानं जनावरांना चारली तर गुलाबी बोंडअळीलाही आळा बसतो, म्हणून शेतकरी स्वतःहून चारू देतात. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ वर्षानुवर्षं यावरच फिरतात, वावरात मेंढ्या बसवण्याचे पैसेही घेतात. फक्त फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय बकरी आत सोडू नका. मृगाच्या पहिल्या सरींनंतर उगवलेल्या किंवा ताणावर सापडलेल्या कोवळ्या ज्वारीवरही सोडू नका. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतली विषबाधा, लागते आणि डॉक्टर येईपर्यंत जनावर जातं. हे गायीलाही लागू आहे.

नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर बकरी, कोंबडी, मोह, आमचूर हे सगळं एकाच अंगणात आधीपासून नांदतं. शहरातून आलेल्या माणसाने शिकायला जायचं तर तिकडे जावं. पाऊस जास्त असल्याने तिथे जंताचा आणि खुरांचा त्रास मात्र जास्त. पावसाळ्याआधी आणि नंतर जंतनाशक, आंत्रविषार आणि पीपीआर (बकऱ्यांचा प्लेग) यांची लस, एवढं सरकारी दवाखान्यातून वेळेवर करून घेतलं तर निम्मी मरतूक वाचते. बिबट्याचा वावर असेल तर रात्री वरूनही बंद होईल असाच वाडा हवा. सातपुड्याच्या पायथ्याला हे सगळ्यांना ठाऊक आहे, चाळीसगावकडच्यांना 2017 मधल्या नरभक्षक बिबट्यानंतर सांगावं लागत नाही.

बाजारात बकरी बघताना तिचं तोंड उघडून दात बघा. पुढचे दोन पक्के दात आले असतील तर ती सव्वा वर्षाच्या आसपास, चार असतील तर दोनेक वर्षांची. नवशिक्याने पहिलटकरीण घेऊ नये, दुसऱ्या वेताची, पिल्लं सोबत असलेली घ्यावी. विकणारा सांगेल, ‘दुसऱ्या वेताची आहे भाऊ, दोन्ही पिल्लं हिचीच.’ त्याला म्हणा, पिल्लं पाच मिनिटं बाजूला धर आणि मग सोड. आई आपल्या पिल्लाचं शेपूट हुंगून उभी राहते. दुसऱ्याचं पिल्लू लावलेलं असेल तर ती सरकते, शिंग मारते. कास चाचपून बघा, एका बाजूला गाठ लागली तर पुढे चला. गर्दीत माणूस घाई करतो आणि तिथेच फसतो.

आता कोंबड्या. दहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. एक गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, म्हणजे दहा कोंबड्यांची रोजची सरासरी दोन. वाचायला कमी वाटतं, पण चार माणसांच्या घराला पुरतं. गिरीराज, वनराज या सुधारित जाती जास्त देतात, पण त्या खुडूक बसत नाहीत, म्हणजे पुढची पिल्लं पुन्हा विकत. गावरान कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पिल्लं स्वतः वाढवते. स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल तर हाच गुण मोलाचा, अंड्यांचा आकडा नव्हे. कडकनाथच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. पक्षी चांगला आहे, झाबुआचा आहे, 2018 पासून भौगोलिक मानांकनही आहे, पण त्याच्या अंड्यांचा भाव तुम्हाला कोणी देईल हे गृहीत धरू नका.

खुराड्यात आपल्याकडे एकच चूक सर्रास होते, ती म्हणजे वर उघडा पत्रा. दुपारी त्याखाली हात घातला तर चटका बसावा इतकी हवा तापते, कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात आणि एप्रिलपासून अंडी बंद. पत्र्यावर केळीची सुकी पानं किंवा पऱ्हाट्यांचा हातभर थर घाला, पश्चिमेला बारदान लटकवून दुपारी दोनदा भिजवा, पाणी प्लॅस्टिकऐवजी मातीच्या परळात सावलीत ठेवा. कडुनिंब असेल तर खुराडं त्याखालीच. जमिनीपासून दोन फूट उंच, जाळी बारीक, कारण मुंगूस आणि मांजर दोन्ही रात्री येतात.

कोंबडीचा शत्रू मानमोडी. आठवडाभराच्या पिल्लांना लासोटा लसीचे थेंब दिले नाहीत तर एका झटक्यात खुराडं रिकामं. बियाणं पेरताना औषध लावलेले रंगीत दाणे अंगणात सांडू देऊ नका. आणि नवापूरच्या आसपास राहत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 मध्ये तिथेच आला, 2021 मध्ये पुन्हा आला. बाधित पोल्ट्रीच्या परिघात आलात तर तुमच्या दहा गावरानही नष्ट केल्या जातात. साथीच्या बाबतीत गायही सुटलेली नाही. राज्यातला 2022 चा पहिला लम्पीचा रुग्ण रावेर तालुक्यातल्या चिनावलचाच होता. फरक एवढाच की खुराडं सहा महिन्यांत पुन्हा भरता येतं.

परसबाग आणि कोंबड्या एकत्र नांदत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. भरताच्या वांग्यांची रोपं उकरून काढायला त्यांना एक सकाळ पुरते. बागेला चार फुटी जाळी करा, किंवा कोंबड्या दुपारनंतरच सोडा.

घरात कोणी माळकरी असेल, महानुभाव असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवून थेट गायीपासून सुरुवात करावी लागते. त्यावर वाद घालून घरात राहता येत नाही. तेव्हा पहिलं वर्ष जनावराशिवाय काढा, दादर आणि मका पेरा, कडबा साठवा, शेजारच्या अप्पांच्या गोठ्यात धार काढायला शिका आणि पुढच्या वर्षी गाय आणा. तोवर खताला शेण विकत मिळतं.

खरेदीची वेळ जनावरागणिक वेगळी. कोंबड्या दिवाळीनंतर आणा, थंडीत रुळतात आणि उन्हाळ्यापर्यंत दणकट होतात. बकरी दसरा-दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्यातल्या आजारांतून तावून निघालेली. गाय फेब्रुवारी-मार्चमध्ये, दादर निघाल्यावर, कडबा नजरेसमोर रचलेला असताना. मे महिन्यात गाय स्वस्तात मिळते आणि लोक तेव्हाच हुरळून घेतात. ती स्वस्त असते कारण विकणाऱ्याचा चारा संपलेला असतो, आणि तुमचा अजून पेरलेलाही नसतो. तरीही घ्यायचीच असेल तर आधी पावसापर्यंतच्या कडब्याचा भाव काढा, तो किमतीत मिळवा आणि मग गाय खरंच स्वस्त पडते का ते बघा.