क्लिपवाले फेराइट मणी : देवगडात अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो. फेराइटचा मणी, म्हणजे रेडिओतली खरखर थोपवायला वायरीवर चढवायचं सिरॅमिकचं कडं, काम करतो, आणि चांगलं करतो. मात्र खरखर जिथून निघते तिथेच तो बसवायला हवा. बरेच जण तो रेडिओच्या वायरीला अडकवतात आणि ‘काही फरक नाही’ म्हणत काढून टाकतात.

आमचं घर देवगड तालुक्यात, किनाऱ्याला लागून. मुंबई आकाशवाणीची ५५८ किलोहर्ट्झवरची अस्मिता वाहिनी इथे दिवसाही लागते, कारण मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून येताना जमिनीपेक्षा कितीतरी कमी क्षीण होतात. छपरावर सोलर बसलं आणि हे सुख गेलं. ऊन चढलं की खरखर सुरू, मावळतीला बंद. इन्व्हर्टरमधले स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, त्यातून उठणारे उच्च वारंवारतेचे प्रवाह पॅनलच्या लांबलचक वायरींवर चढतात आणि त्या वायरीच मग अँटेना होऊन बसतात.

मणी नेमकं काय करतो, ते कळलं की कुठे लावायचा हेही कळतं. कामाचा प्रवाह प्लसमधून जातो आणि मायनसमधून परत येतो. दोन्ही वायरी एकाच भोकातून नेल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात, मण्याला त्या प्रवाहाचा पत्ताही लागत नाही. खरखरीचा प्रवाह मात्र दोन्ही वायरींवर एकाच दिशेने धावतो, तो अडतो. वारंवारता वाढली की फेराइट रोधासारखं वागतं आणि ती ऊर्जा किंचित उष्णता होऊन जिरते. एकट्या प्लसवर मणी चढवला तर डीसी प्रवाहाने तो संपृक्त होतो, म्हणजे त्याची चुंबकीय ताकद आधीच भरून जाते, मग लावला काय नि नाही काय.

वेढ्यांचं महत्त्व तर फार. पाकिटावर छापलेला अडथळ्याचा आकडा (ओहम) बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो. मध्यम लहरींवर एकदा आरपार नेलेल्या वायरीला जेमतेमच अडथळा मिळतो. पण अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पाच वेढ्यांना साधारण पंचवीसपट. म्हणून मी मोठ्या भोकाची कडी घेतली, ३१ नंबरच्या (हा नंबर फेराइटच्या मिश्रणाचा) मँगनीज-झिंक फेराइटची, जी १ मेगाहर्ट्झच्या आसपासपासून उपयोगी पडते. निकेल-झिंकचं ४३ नंबर २५ मेगाहर्ट्झच्या वर, आणि ६१ नंबर २०० च्या वर. नंबर न छापलेली स्वस्त पाकिटं घेऊ नका. आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

खरखरीचं मूळ शोधायला खिशातला सेलवरचा रेडिओ पुरतो. त्याच्या आतला अँटेनाही फेराइटचाच दांडा असतो. स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवायचा आणि वायरीवायरीने फिरायचं. आमच्याकडे इन्व्हर्टरच्या पेटीपाशी रेडिओ नुसता करकरत होता, आणि ओटीवरच्या एका चार्जरपाशीही. पेटीतून बाहेर पडणाऱ्या वायरींवर, पेटीला अगदी चिकटून कड्या बसवल्या, चार्जर बदलला. भर दुपारी बातम्या स्पष्ट ऐकू येऊ लागल्या. शेजारचे अण्णा ओट्यावर बसून म्हणाले, “आता बरा आयकाक येता.” रेडिओच्या पट्ट्याच्या काही जागी बारीक गुणगुण अजून आहे, पण स्टेशन तिच्यावर मात करतं.

चुलतभावाच्या होडीवरचा अनुभव मला जास्त मोलाचा वाटतो. डेकवरचे एलईडी दिवे लावले की व्हीएचएफ सेट, म्हणजे होडीवरचा बोलायचा रेडिओ, सू-सू करायचा. संकटाची हाक १५६.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे १६ नंबरच्या चॅनलवर येते, तेव्हा हा प्रश्न जिवाचा आहे. अमेरिकी तटरक्षक दलानेही २०१८ मध्ये एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफला होणाऱ्या त्रासाबद्दल इशारा दिला होता. तपासणी सोपी : दिवे बंद ठेवून शांत चॅनलवर स्क्वेल्च (नुसती सू-सू दाबणारं बटण) आवाज जेमतेम थांबेल इतकंच फिरवायचं, मग दिवे लावायचे; सू-सू परत आली तर दोष दिव्यांचा. दिव्यांच्या ड्रायव्हरजवळ (दिव्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटजवळ) ४३ नंबरचे मणी लावल्यावर बहुतेक सगळी सू-सू गेली. राहिलेला एक दिवा भावाने काढूनच टाकला, आणि बरं केलं.

काही खरखरीपुढे मणी हतबल आहे. उन्हाळ्याअखेर विजेच्या खांबांवरच्या इन्सुलेटरवर खाऱ्या वाऱ्यातल्या मिठाचा थर साचतो, दमट रात्री त्यावरून बारीक ठिणग्या पडतात आणि पूर्ण पट्टाभर चरचर ऐकू येते. जोराचा पाऊस पडून तो थर धुतला की ती आपोआप थांबते. स्पीकरमधल्या ५० हर्ट्झच्या घुमण्यालाही मण्याचा उपयोग नाही.

टिकाऊपणाचं म्हणाल तर फेराइट ही लोखंडाच्या ऑक्साइडची सिरॅमिक, त्यामुळे आमच्या खाऱ्या हवेतही तिला गंज चढला नाही. पण काचेसारखी ठिसूळ. फरशीवर पडली की तुकडे. क्लिपचं प्लास्टिक मात्र उन्हात लवकर कडक झालं आणि एका क्लिपची खिट्टी तुटली. दोन अर्ध्या भागांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी अडथळा बराच घटतो, म्हणून आता पावसाळ्यानंतर समोरासमोरचे पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसून, घट्ट जुळवून, वरून केबल टाय ओढतो. पॅनलपाशी मी क्लिपऐवजी अखंड कड्याच वापरतो. वायर एकदा सोडवावी लागते तेवढाच त्रास.