ठाण्याहून दुबई की म्युनिक?

दोन्हीकडच्या ऑफर हातात आल्या की घरात आधी पगाराचा हिशेब मांडला जातो. दुबईत पगारावर आयकर नाही, जर्मनीत कर आणि विमा मिळून पगाराचा मोठा वाटा कापला जातो. हिशेब बरोबरच आहे, पण तिथे मन रमेल का, हे त्यातून कळत नाही. मी तरी आधी विचारेन: सोबत येणारा जोडीदार दिवसभर काय करणार?

दुबईत याचं उत्तर सोपं आहे. हिंदी-इंग्रजीवर सगळं निभावतं, बर दुबई या भागात आपला सगळा किराणा मिळतो, मुलांना सीबीएसई शाळा मिळते (फी मात्र जड). वेळेत फरक दीड तासाचाच, त्यामुळे नौपाड्यातल्या आईबाबांशी रोज निवांत बोलता येतं. त्यांना बरं नसेल तर तीन-साडेतीन तासांच्या विमानाने लगेच येता येतं. खटकतं ते एकच: गोल्डन व्हिसावाले (म्हणजे दीर्घ मुदतीचा, नोकरीशी न बांधलेला परवाना असलेले) सोडले तर बहुतेकांचा मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधा, नाहीतर घर आवरा.

म्युनिकमध्ये ही धास्ती कमी. वर्षभर बेकारी विमा भरला असेल तर नोकरी गेल्यावर बेकारी भत्ता मिळतो. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपीय परवाना) 27 महिन्यांत, आणि बी1, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर 21 महिन्यांतच, कायम राहण्याची परवानगी मागता येते. सरकारी शाळा मोफत. जोडीदाराला नोकरीची पूर्ण मुभा आहे, पण मुभा आणि नोकरी यांच्या मध्ये जर्मन भाषा उभी असते. ऑफिस इंग्रजीत चालेलही. शेजारी, दवाखाना, मुलांच्या बाई सगळं जर्मनमध्ये. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार, रविवारी दुकानं बंद. राम मारुती रोडच्या गजबजाटात वाढलेल्या आणि घरी एकट्या बसलेल्या माणसाच्या हे अंगावर येतं. आईबाबांनाही व्हिजिटवर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं.

महाराष्ट्र मंडळ दोन्हीकडे आहे. गणपती, दिवाळी छान होते, पण एरवीचा मंगळवार त्याने भरत नाही.

काही वर्षं कमवून ठाण्यात परतायचं असेल, आईबाबा थकले असतील, तर दुबई घ्या. मुलांना तिकडेच वाढवायचं असेल तर म्युनिक, पण निघण्याआधी दोघांनीही जर्मन सुरू करा. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात वर्ग असतात, ऑनलाइनही असतात. एकाच्याच फीची सोय असेल, तर ती नोकरीवाल्याची नको, जोडीदाराची भरा.