मेळ्याचं ‘फॅमिली कार्ड’ घेण्याआधी हे वाचा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी पोरं घेऊन माहेरी आल्या की संध्याकाळी तालुक्याच्या गावी आनंद मेळ्याला जाणं ठरलेलंच. यंदा आमच्यासोबत बहिणीचा सात वर्षांचा मुलगा आणि माझी साडेतीन वर्षांची मुलगी होती. तिथे आमचे पैसे कसे काढून घेतले, ते सविस्तर लिहिते. हेच पाळणे इथून उठून खानदेशातल्याच दुसऱ्या गावी लागतील आणि तिथेही आईबाप लेकरांना कडेवर घेऊन जातील.

गेटवर प्रवेशाचं तिकीट वेगळं. आत खिडकीवरचा माणूस म्हणाला, ‘‘ताई, सुटं तिकीट साठ रुपयांना पडेल. पाचशेचं फॅमिली कार्ड घ्या, बारा राइड बसतात.’’ हिशेब सरळ दिसतो, सातशेवीसचा माल पाचशेत. पोरं ओढणी ओढत असतात, मागून रांग ढकलत असते. कार्डावर त्या दिवसाचा शिक्का मारून तो हातात ठेवतो. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं की कार्ड फक्त आजच चालेल आणि उरलेले पैसे परत मिळणार नाहीत. खिडकीवर हे सांगणारी मराठी पाटी नाही.

मग खरा प्रकार सुरू होतो. आकाशपाळणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन, सगळीकडे लहानीला उंचीवरून परत पाठवलं. उंचीचा नियम योग्यच आहे, तो कडकच पाळावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कडेवरचं मूल डोळ्यांसमोर दिसत असताना कार्ड विकणाऱ्याने अवाक्षर काढू नये आणि उंचीची रेघ थेट पाळण्यापाशीच दिसावी? तिच्यासाठी उरली छोटी रेल्वे आणि मिकी माऊसवरच्या उड्या. तिथे पूर्ण गावातली लहान पोरं जमलेली.

आपल्याकडे वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. दिवेलागणीआधी लेकरांना कोणी बाहेर काढत नाही. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो आणि त्यासोबत मेळाही आवरू लागतो. म्हणजे हातात तीन तास. एकेका पाळण्याला अर्धा-अर्धा तास रांग. या तीन तासांत बारा राइड कुठल्याच कुटुंबाच्या होणार नाहीत, आणि हे रोज तिथे उभ्या असणाऱ्या माणसाला माहीत नसेल असं मी मानत नाही. आमच्या चार झाल्या. सुटी तिकिटं काढली असती तर दोनशेचाळीस लागले असते.

परत मागायला गेलो तर ‘‘मॅनेजर नाहीत, ताई.’’ बिल मागितलं तर कार्ड हेच बिल. उद्या येऊ का, तर उद्या नवं कार्ड. आई म्हणाली, ‘‘जाऊ दे वं माय, पोरेसनी हौस शे.’’ याच ‘जाऊ दे’वर त्यांचा धंदा चालतो. दोनअडीचशेसाठी झोपेला आलेलं लेकरू घेऊन कोण भांडत बसणार?

बाहेर पडताना रिंग फेकायचा स्टॉल. मोठा टेडी पाहून भाचा हटून बसला. तिथे रिंग टेडीवर टाकायची नसते, तो ज्या चौकोनी ठोकळ्यावर ठेवलाय त्याच्याभोवती पूर्ण बसवायची असते. रिंग ठोकळ्यापेक्षा केसभरच मोठी. लांबून फेकली की ती तिरपी येते आणि कोपऱ्याला अडते. दुकानदार ‘बघा, बसते’ म्हणून दाखवतो तेव्हा तो दोरीच्या आत वाकून वरून अलगद सोडतो. ग्राहकाला दोरीबाहेर उभं करतात. त्याने आमच्या जागेवरून एकदा फेकून दाखवावं, एवढंच मी म्हटलं. त्याने तोंड फिरवलं.

घरी येऊन मी चौकशी केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सेवा सदोष असताना पैसे परत नाकारणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत धरल्या आहेत. मेळेवाला बाहेरगावचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो, तिथे मराठीत बोलता येतं.

पण पुरावा लागतो, आणि तो तिथे उभं असतानाच गोळा करावा लागतो. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा, दरपत्रकाचा आणि खिडकीचा फोटो काढा. पैसे क्यूआरवर दिले तर मोबाइलवर नाव मेळ्याचं येतं की भलत्याच कुणाचं, तो स्क्रीनशॉट ठेवा. आणि आधी सुटं एकच तिकीट काढा. लहान मूल सोबत असेल तर खिडकीवरच विचारा, ‘‘हिला कशात बसवाल, एकेक नाव सांगा.’’ तो नावं सांगत असताना रांगेतल्या बाकीच्या आयांनाही ती ऐकू जातात.