स्वतःहून काहीच न ठरवणारा कॅमेरा: रास्पबेरी पाय हाय क्वालिटी कॅमेरा

कॅमेरा म्हणून विकली जाणारी ही वस्तू खोक्यातून बाहेर काढली की हातात येते ती 38 मिलिमीटरची एक चौकोनी सर्किट पट्टी, तिच्यावर लेन्स बसवायची धातूची कडी, ट्रायपॉडला जोडायची आटी आणि एक रिबन केबल. तिला बटण नाही, पडदा नाही, माइक नाही, ऑटोफोकस नाही आणि लेन्सही नाही. ती वेगळी घ्यावी लागते आणि चित्र टिपायला रास्पबेरी पायचा छोटा संगणक जोडावा लागतो तो निराळाच. तरीही चित्रकला, चित्रपट आणि कोडिंग या तिन्ही ठिकाणी हौसेने लुडबुड करणाऱ्या माणसाला मी 2020 साली आलेला हा कॅमेरा आजही सुचवतो. लग्नकार्याचे किंवा सहलीचे फोटो काढू इच्छिणाऱ्याने मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

माझ्या शिफारशीचे खरे कारण स्टॉप-मोशनमध्ये आहे. कागदाच्या बाहुल्या दिव्याखाली मांडून, त्यांना केसभर सरकवत एकेक चित्र घ्यायचे असते. सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रपटात प्रत्येक चित्र दोन फ्रेम दाखवायचे ठरवले, तरी पडद्यावरच्या एका सेकंदासाठी 12 चित्रे लागतात. हेच काम फोनच्या नेहमीच्या कॅमेरा ॲपवर करून पाहिले, तर ते दर चित्रागणिक नव्याने विचार करते: पांढऱ्या कागदाची बाहुली चौकटीत थोडी पुढे आली की चित्र एकदम काळवंडते, लाल पडदा दिसला की पार्श्वभूमी निळसर होते आणि सलग पाहताना सगळे दृश्य लुकलुकत राहते. या कॅमेऱ्यात पायकॅमेरा-2 या पायथन भाषेतल्या कोडिंगच्या लायब्ररीतून स्वयंचलित एक्स्पोजर (किती प्रकाश घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दोन्ही बंद करून एक्स्पोजरचा वेळ, गेन (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा तो आकडा) आणि लाल-निळ्याचे प्रमाण हे सारे आकडे स्वतः लिहून ठेवता येतात, आणि एकदा लिहिले की पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत ते तसूभरही हलत नाहीत. लेन्सचे छिद्रही हातानेच फिरवायचे असल्यामुळे तेही जागच्या जागी राहते.

एक्स्पोजरचा वेळ मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशात द्यावा लागतो, ही गोष्ट सुरुवातीला उगाचच किचकट वाटते. तिचा फायदा विजेच्या दिव्याखाली कळतो. 50 हर्ट्झच्या विजेवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त उजळतात. तेव्हा वेळ 20,000 मायक्रोसेकंद ठेवला की प्रत्येक चित्रात नेमके दोन उजाळे मावतात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटत नाहीत. वीज 60 हर्ट्झची असेल, तर हाच आकडा 16,667 होतो. असा हिशेब करायला लावणारा कॅमेरा काहींना छळवादी वाटेल. मला तो शिकवणीसारखा वाटतो.

आतला सेन्सर सोनीचा आयएमएक्स-477, म्हणजे 12.3 मेगापिक्सेलचा आहे आणि त्याचा कर्ण 7.9 मिलिमीटर आहे. लेन्ससाठी सी आणि सीएस असे दोन्ही माउंट, म्हणजे लेन्स जोडायचे ठरावीक साचे, चालतात. त्यांतला फरक केवळ अंतराचा आहे: सी-माउंटमध्ये लेन्सच्या टेकणापासून सेन्सरपर्यंत 17.526 मिलिमीटर लागतात, सीएसमध्ये 12.526, आणि मधल्या पाच मिलिमीटरसाठी एक कडी सोबत येते. जुन्या 16 मिलिमीटर सिनेकॅमेऱ्यांच्या अनेक लेन्स सी-माउंटच्याच असल्याने त्या थेट चढतात. मात्र त्या मोठ्या फ्रेमसाठी घडवलेल्या असल्यामुळे इथे त्यांच्या प्रतिमेचा फक्त मधला भाग वापरला जातो. त्या कॅमेऱ्यावर साधारण दृष्टी देणारी 25 मिलिमीटरची लेन्स इथे 35 मिलिमीटर छायाचित्रणातल्या सुमारे 137 मिलिमीटरच्या टेलिफोटोसारखी, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्ससारखी वागते. खोलीचे दृश्य हवे असेल, तर सहा मिलिमीटरची सीएस लेन्सच घ्यावी लागते. 8 मिलिमीटर कॅमेऱ्यांच्या डी-माउंट लेन्सच्या मोहात कोणी पडू नये, कारण त्यांना सेन्सर याहूनही जवळ हवा असतो आणि दूरचे दृश्य स्पष्ट होत नाही.

कडीचा एक आडमार्गी उपयोग मात्र मला सर्वांत प्रिय आहे. 16 मिलिमीटरच्या सी-माउंट लेन्सखाली आणखी एक पाच मिलिमीटरची कडी घातली आणि फोकस अनंतावर ठेवला, तर जेमतेम 20 मिलिमीटर रुंदीचा तुकडा सगळी चौकट भरतो. ओल्या कागदावर शाईचा थेंब सोडला की त्याची कड आधी गुळगुळीत पसरते, मग कागदाच्या तंतूंचा अडथळा होऊन तिला बारीक फाटे फुटतात आणि शेवटी फाट्यांच्या टोकांशी गडद रेघ जमते. हे सारे संगणकाच्या पडद्यावर पाहताना आपण चित्र काढतो आहोत की चित्रीकरण करतो आहोत, हा प्रश्नच उरत नाही. अर्थात इतक्या जवळून स्पष्टतेची खोली कागदाच्या सुरकुतीएवढीच मिळते, त्यामुळे कागद ताणून बसवणे भाग असते.

कोडशी असलेली सलगी स्लिट-स्कॅनसारख्या प्रयोगात कामी येते. व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममधून एकच पिक्सेल रुंदीचा उभा पट्टा उचलायचा आणि ते पट्टे शेजारी शेजारी लावून चित्र करायचे; सेकंदाला 30 फ्रेम घेतल्या तर 1920 पट्ट्यांचे चित्र 64 सेकंदांत पुरे होते. जे स्थिर आहे त्याच्या आडव्या रेघा होतात आणि पट्ट्यासमोरून सावकाश जाणारा माणूस लांबच लांब ताणला जातो.

उणिवा ढोबळ आहेत. रोलिंग शटरमुळे चित्र ओळीओळीने वाचले जाते आणि वेगाने फिरणारे पाते वाकडे दिसते. त्यासाठी 2023 मध्ये सगळे चित्र एकदम टिपणारा वेगळा ग्लोबल शटर कॅमेरा आला, पण तो केवळ 1.6 मेगापिक्सेलचा आहे. आवाजाची सोय स्वतंत्रपणे करावी लागते. रिबन केबल नाजूक असते, म्हणून ट्रायपॉड वारंवार हलवायचा असेल, तर संगणक आणि कॅमेरा एकाच फळीवर घट्ट बसवलेले बरे. रास्पबेरी पाय 5 वापरणाऱ्याने कॅमेऱ्यासोबत 22 पिनांच्या अरुंद जोडणीची केबल आहे का, ते आधी पाहावे. शिवाय त्या संगणकात एच-264 या प्रचलित पद्धतीने व्हिडिओ आवळून साठवण्यासाठी वेगळे हार्डवेअर नसल्याने ते काम प्रोसेसरवर पडते. पाय 4 वर 1080 रेषांचा, 30 फ्रेमचा व्हिडिओ हार्डवेअरच सांभाळते, आणि नुसत्या स्टॉप-मोशनसाठी तोच पुरेसा आहे.

सेन्सरपुढचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश अडवणारा फिल्टर काढून झाडांची पाने पांढरीशुभ्र दाखवण्याची हौस अनेकांना असते. तो काढता येतो, पण पुन्हा नीट बसवता येत नाही आणि वॉरंटीही संपते, म्हणून त्या प्रयोगासाठी दुसरी पट्टी घ्यावी आणि रंगीत कामाची पट्टी त्यापासून दूरच ठेवावी.